हक्कसोडीतला शब्द

वकिलांच्या वाशीतल्या कार्यालयात पक्षकारांसाठी दोनच खुर्च्या होत्या, म्हणून केतन उभा होता. एका खुर्चीत त्याची आई विमलबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसल्या होत्या. दुसरीत त्याची थोरली बहीण संध्या हक्कसोडपत्राचा मसुदा वाचत होती. त्यांचे वडील, देवजी मढवी, वारल्याला सात महिने झाले होते. तळवलीतले घर पाडून केतनला चार मजली इमारत बांधायची होती आणि बांधकाम करणाऱ्याची अट होती की कागदावर एकच नाव हवे. त्यासाठी आई आणि बहीण या दोघींनी आपापला हिस्सा केतनला सोडून द्यायचा होता.

स्वतःचा हिस्सा सोडायला संध्याची ना नव्हती. गावातल्या सगळ्याच बहिणी तसे करत. साडीचोळी घेत आणि माहेरचे दार उघडे ठेवत. आईचे नाव मात्र राहावे, एवढेच तिला हवे होते. केतनने हौसेने दाखवलेल्या नकाशात तळमजल्यावर गाळे होते, गाड्यांची जागा होती, देवघरही होते. आईची खोली कुठे, असे तिने विचारल्यावर तो म्हणाला होता, "हॉल आहे ना एवढा मोठा."

तिसऱ्या पानावर ती थांबली. दोन्ही लिहून देणाऱ्या सदर मिळकतीबाबत 'डिसइंटरेस्टेड' असून स्वखुशीने हक्क सोडत आहेत, असे ते इंग्रजी वाक्य होते. संध्या बारावीच्या मुलांना खाजगी वर्गात इंग्रजी शिकवत असे. हा शब्द दरवर्षी निम्मा वर्ग चुकवतो, हे तिला ठाऊक होते.

"वकीलसाहेब, हा शब्द इथं बसत नाही."

सुभाष वकिलांनी चष्म्यावरून पाहिले. "कोणता? डिसइंटरेस्टेड? इंटरेस्ट नाही. सरळ आहे."

"सरळ नाही. ज्याला स्वतःला काही मिळवायचं नसतं, म्हणून जो निवाडा करू शकतो, तो डिसइंटरेस्टेड. ज्याला काही पडलेलीच नसते, तो अनइंटरेस्टेड."

"ताय, इथं शिकवणी नको ना," केतन म्हणाला.

"तुझ्याच गावच्या क्रिकेटचं सांगते. स्पर्धेला पंच बाहेरगावचा का आणतोस?"

"आपला आणला तर भांडणं होतात."

"कोण जिंकलं तरी त्याला काही मिळत नाही. तो डिसइंटरेस्टेड. आणि तोच पंच खेळ सोडून मोबाइल बघत बसला तर?"

"तर त्याला पोरं मैदानातच धुतील." केतनला हसू आले. वकीलही हसले. "बाबा बोलायचे, हिला जास्त शिकवली. खरं होतं."

"मॅडम," वकील समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बावीस वर्षं हाच मजकूर चालतोय. तुमच्या गावातल्या कितीतरी बहिणींनी यावर सह्या केल्यात. एकीनंही तक्रार केली नाही. तुम्ही म्हणत असाल तर दुसरा शब्द घालतो."

संध्याच्या डोळ्यांसमोर बाबांना आपला हिस्सा सोडून दिलेली रखमाआत्या आली. तिनेही बहुधा याच मजकुराखाली अंगठा दिला असणार. "दुसराही खोटाच आहे," ती म्हणाली. "आईला त्या घराचं काही पडलेलं नाही, असं कसं लिहिणार? माझा हिस्सा घ्या. तिचं नाव राहू दे."

केतनचे हसू मावळले. "म्हणजे मी आयेला घराबाहेर काढनार, असंच ना? बाबांना चौदा महिने मी उचलून न्हानीत नेलं. पाठीला जखमा झाल्या, त्या मी धुतल्या. तू रविवारी यायचीस, फळं घेऊन."

ते खरे होते.

विमलबाई इतका वेळ दोघांच्या तोंडांकडे पाहत होत्या. त्यांनी कागदावर बोट ठेवले. "काय लिवलंय गो ह्यान, ज्याच्यावरून भांडताव?"

संध्याला वाटले, काहीतरी गुळमुळीत सांगून टाकावे. पण आजवर आईच्या दारी आलेला प्रत्येक कागद तिनेच वाचून दाखवला होता.

"वकीलसाहेबांना म्हणायचंय, की तुला आणि मला त्या घराचं काही पडलेलं नाही. म्हणून आपण ते सोडतोय."

"मना काय पडलेली नाय?"

"हो आई. तसं लिहिलंय."

विमलबाईंनी कागदावरचे बोट उचलले. "जोत्याचा मुरूम मी डोक्यावरून वायलाय," त्या हळूच म्हणाल्या. "संध्या पोटान होती तवा." मग त्यांनी कागद वकिलांकडे सरकवला. "र्‍हाऊ द्या तसाच."

"आई, नाव ठेवलंस तर तुला कुणी—"

"तू सांजच्याला तुज्या घरी जाशील गो. मना ह्याच्याच घरान र्‍हायचं हाय. नाव ठेवलं नि हा बोलायचा बंद झाला, तर त्या नावाशी बोलत बसू?"

केतन खिडकीकडे वळला. वकिलांनी मसुद्याची छपाई लावली.

दुपारी निबंधक कार्यालयात त्यांचा क्रमांक लागला. संध्याचे काम दोन मिनिटांत झाले : सही, छायाचित्र, अंगठा. मग विमलबाई खुर्चीत बसल्या. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांनी सावकाश केली, 'विमल' मधल्या वेलांटीपाशी थांबून. कॅमेऱ्याकडे पाहताना त्यांनी पदर डोक्यावरून कुंकू नसलेल्या कपाळावर ओढून घेतला.

अंगठा मात्र यंत्राला लागेना. ऑपरेटर बाईंनी काच पुसली. दुसरा अंगठा घेऊन पाहिला. विमलबाईंनी बोटे पदराला पुसून पुन्हा ठेवली. प्रत्येक वेळी तांबडा दिवा.

"रेषाच राहिल्या नाहीत यांच्या," बाई म्हणाल्या. "शेतीकाम?"

"मिठागर," विमलबाई म्हणाल्या. "नि मग शेती."

मागची रांग चुळबुळू लागली. केतन पुढे आला, पण आईच्या हाताला हात लावण्याचा त्याला धीर झाला नाही.

"ताई, तुम्ही मुलगी ना? वरून जरा दाबून धरा," बाई म्हणाल्या. "हलू देऊ नका."

संध्याने आईचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला आणि काचेवर टेकवला. कातडे खडबडीत आणि कोरडे होते. तांबडा दिवा तसाच राहिला.

"अजून जोरात."

"दुखतंय का, आई?"

"नाय गो. दाब."

संध्याने दाबले.