वल्ही तिच्या हातात होती

मी एक होडी आहे, सहा माणसांची. बसतात आठ, आणि मग त्या आठांतला सर्वांत जाडा माणूस विचारतो, "बुडणार नाही ना ही?" माणसांबद्दल माझं मत काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

मला एका म्हाताऱ्या सुतारानं घडवलं. तो फारसा बोलायचा नाही, म्हणून मला आवडायचा. सांधे डांबरानं बुजवून त्यानं मला तलावात लोटलं तेव्हा काठावर चार खोल्या आणि एक जेवणघर होतं, एवढंच. त्याला मालक 'रिसॉर्ट' म्हणत. नाव मोठं, लक्षण खोटं. मालक लवकरच वारले आणि सगळं त्यांच्या मुलाच्या हाती आलं. त्याला सगळे 'साहेब' म्हणत, कारण दुसरं काही म्हणावं असं तो काही करतच नसे.

ती त्याच वर्षी या घरात सून म्हणून आली. तिच्या माहेरी विहिरीपलीकडे पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी साहेबांनी तिला माझ्यात बसवलं आणि वल्हवायला नोकराला सांगितलं. तिनं त्याचे हात कसे चालतात ते नीट पाहून घेतलं. मग नोकराला म्हणाली, "सरका जरा." मी जागच्या जागी गरगर फिरले. साहेब पोट धरून हसले. महिन्याभरात ती एकटी पलीकडच्या काठावर जाऊन येऊ लागली. पोहायला कशी शिकली विचाराल, तर पाण्यात पडून. दोनदा पडली, तिसऱ्यांदा मुद्दाम उडी मारली.

पुढची कित्येक वर्षं तिनं काय केलं ते सांगायला बसले तर तुम्ही जांभया द्याल, कारण कामाच्या गोष्टी कुणाला ऐकायच्या नसतात. चादरी धुतल्या, तुंबलेली गटारं काढली, छपरावर चढून गळती बुजवली, स्वयंपाकी पळून गेला तर स्वतः चुलीपुढे उभी राहिली. चाराच्या बारा खोल्या झाल्या. साहेब पांढरे बूट घालून फाटकाशी उभे राहायचे आणि पाहुण्यांचं स्वागत करायचे. पाहुणे जाताना त्यांचा हात हातात घेऊन म्हणत, काय सुंदर चालवलंय तुम्ही हे सगळं. साहेब मान खाली घालून ते कौतुक स्वीकारत. निदान मान तरी खाली घालत.

आणि ते पाहुणे! शांतता हवी म्हणून यायचे आणि बगलेत रेडिओ घेऊन यायचे. पाणी बघायला यायचे आणि पाण्याकडे पाठ करून एकमेकांच्या जावयांबद्दल बोलायचे. होडीत बसलं की माणसाला वाटतं, आता आपलं कुणी ऐकत नाही. नव्यानं लग्न झालेली जोडपी माझ्यात बसून जन्मभराची वचनं द्यायची. तीच जोडपी काही वर्षांनी यायची तेव्हा सावलीच्या बाजूला कोण बसणार यावरून भांडायची.

एकदा एक पाहुणा झिंगून, तिनं नको म्हटलेलं असताना मला सोडून घेऊन गेला. मधेच उभा राहून गाऊ लागला. मी कलंडले. त्याला कलंडवलं म्हणा हवं तर, मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. ती काठावरून कपड्यांनिशी झेपावली, त्याला मानगुटीला धरून ओढत आणलं आणि पालथं घालून पाणी काढलं. शुद्धीवर आल्यावर त्याचे पहिले शब्द होते, "माझं घड्याळ कुठे आहे?" ते तलावात गेलं होतं. जाईपर्यंत तो घड्याळाचंच रडगाणं गात होता. ती त्याला रोज वेळेवर चहा देत होती.

तिचाही मला रागच यायचा. इतकं सोसायचं कशाला? पण एक दुपार अशी आली की मी माझं तोंड बंद केलं.

साहेबांनी तिला फिरायला म्हणून माझ्यात बसवलं. घरात त्यांची बहीण आली होती आणि तिचे कान भिंतीला चिकटलेले असत. तलावाच्या मधोमध आल्यावर साहेबांनी विषय काढला. त्यांच्या एका मित्राला ही जागा हवी होती. शहरात घर घेऊ, आरामात राहू, तुझेच कष्ट वाचतील, असं ते म्हणाले.

"शब्द दिलात?" तिनं विचारलं.

"दिलाय."

तिनं वल्ही आत ओढली, साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "माझे हात दुखतायत. आता तुम्ही न्या."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. काठ लांब होता आणि त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांनी वल्ही हातात घेतली. मी डावीकडे फिरले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. एक वल्हं हातातून निसटता निसटता राहिलं. पांढऱ्या बुटांत पाणी शिरलं. ती समोर हात बांधून बसली होती. मग अगदी शांतपणे म्हणाली,

"अहो, जे तुम्हाला चालवता येत नाही, ते विकायला निघालात?"

साहेब रुसून बसले. ऊन उतरलं, वारा गार झाला. शेवटी साहेब पुटपुटले की मित्राला नाही म्हणून कळवतो. तिनं वल्ही उचलली. काठावर नणंद उभी होती. तिनं एवढा उशीर का झाला विचारलं, तर ही म्हणाली, "यांना वल्हवायची हौस आली होती."

पुढे काही वर्षांनी साहेब वारले. त्यांचा मुलगा मोठा झाला, शहरातून शिकून आला. त्यानं पहिलं काम काय केलं? हंसाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या, पायानं चालवायच्या होड्या आणल्या. हंस म्हणे! त्यांच्या माना एकाच बाजूला वाकलेल्या, डोळे तिरळे. दुसरं काम केलं ते आईच्या खोलीचं. तिच्या खिडकीतून तलाव दिसायचा. अशी खोली पाहुण्यांनाच द्यायला हवी, असं त्याचं म्हणणं. धुलाईघरामागची खोली तिला दिली. "आई, तुला तिथे उबदार वाटेल," म्हणाला. ती गेली. जिनं नवऱ्याला भर तलावात जागेवर आणलं, तिनं मुलापुढे मुकाट्यानं गाठोडं उचललं. माया माणसाला आतून वाळवीसारखी खाते. लाकडाला विचारा.

मग मुलानं रिसॉर्टच्या पन्नास वर्षांचा सोहळा केला. मला काठावर ओढून दिव्यांची माळ गुंडाळली होती, म्हणून सगळं दिसलं. मंचावर साहेबांचा माणसाएवढा फोटो. मुलाचं भाषण लांबलचक: बाबांची दूरदृष्टी, बाबांची जिद्द, बाबांचं स्वप्न. ती तिसऱ्या रांगेत होती. शेवटी कुणाला तरी आठवण झाली आणि तिच्या हातात माइक दिला, दोन शब्द बोला म्हणून.

ती उभी राहिली. फोटोकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलाचा चेहरा पडला. ती काय बोलेल या भीतीनं असेल.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली, आणि काठी टेकत स्वयंपाकघराकडे चालू लागली.

लोक खो खो हसले, टाळ्या वाजवल्या. किती गोड आजी, म्हणाले. गाढवांनो, त्या तीन शब्दांत तिनं तुमच्या तोंडावर पन्नास वर्षं फेकली होती.

ती गेली ऐन हंगामात, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना. पाहुण्यांचा मूड जाऊ नये म्हणून मुलानं तिला मागच्या फाटकातून नेलं. त्या सकाळी जेवणघरात कुणीतरी चहा नेहमीसारखा नाही अशी तक्रार केली.

आता मी फाटकाजवळ आहे. माझ्यात माती भरून शोभेची झाडं लावली आहेत. शेजारी पाटी आहे: 'साहेबांची लाडकी होडी. ते रोज पहाटे हिच्यातून स्वतः वल्हवत जात.' तुम्ही ती वाचता, माझ्या काठावर कोपर टेकता, फोटो काढता.

काढा. फक्त एक करा. मधल्या फळीवरची माती बोटानं जरा बाजूला सारा. तिथं लाकूड झिजून खोलगट झालं आहे, एका बाईच्या बसण्याएवढं. हात लावून बघा.

नाही बघणार तुम्ही. नखं मळतील.