शहाताचं ग्रीस

आमच्या गच्चीवरून कालवा दिसत नाही, जहाजं तेवढी दिसतात. गल्लीच्या टोकाला दोन इमारतींच्या मध्ये एक फट आहे. दुपारी त्या फटीतून एखादं जहाज आवाज न करता सरकत जातं आणि वाटतं, जहाज जागच्या जागी उभं आहे, आपलं पोर्ट सईदच कुठेतरी निघालंय. सत्तर वर्षं मी हे बघतेय. कुठे निघालोय ते अजून कळलेलं नाही.

त्याच गच्चीवर, शहाताच्या कबुतरखान्याला लागून, माझ्या धाकट्या भावाचं, रिफअतचं मिलिंग मशीन आहे. धातू कापायचं, शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं. रिफअतचा जन्म जहाजांच्या इंजिनखोलीत गेला. निवृत्त झाल्यावर माणसं कॅफेत सोंगट्या मांडतात, यानं हे खेळणं आणलं. म्हणतो, छंद आहे. असेल. माझ्या वाळत घातलेल्या चादरींत पितळेचा चुरा निघतो, एवढं मला माहीत.

पण त्या वसंतात मी चुऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, कारण काम शहाताचं होतं.

शहाता म्हणजे रिफअतचा जहाजावरचा तेलवाला, इंजिनाला तेल-ग्रीस घालणारा. रिफअत इंजिनाचा उस्ता, शहाता त्याच्या हाताखाली. कबुतरं त्याची, गच्ची आमची, त्यामुळे पहाटे फजरची नमाज झाली की तो दाणे घेऊन वर येतो. पूर्वी गुरुवारच्या गाण्याच्या बैठकीत सिमसिमिया वाजवायचा. पाच तारांचं ते वाद्य मांडीवर घेऊन तो बसला की मासळीबाजारातल्या बायकासुद्धा भाव करायच्या थांबत. मग संधिवातानं त्याची बोटं वाकडी झाली. तारा छेडता येत होत्या, पण खुंट्या पिळायची ताकद चिमटीत उरली नाही. आणि आमच्याकडे रीत अशी, की ज्याला आपल्या तारा आपल्या हातानं लावता येत नाहीत, त्यानं बैठकीच्या मध्ये बसायचं नाही. कोणी काढलेला नियम नाही हा. पण दुसऱ्यानं लावून दिलेली सिमसिमिया शहातानं हातात घेतली नसती, मेला असता तरी. दोन वर्षं तो भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होता. मला ते बघवत नसे, म्हणून मी जाणंच सोडलं.

रिफअतनं ठरवलं, पितळेच्या पाच दातेरी खुंट्या करायच्या. मूठ बदकाच्या पायासारखी रुंद, म्हणजे तळव्यानं ढकलली तरी तार चढेल. तीन झाल्या, छान झाल्या. चौथीचे दाते कापताना कटर केसभर खोल गेला आणि खुंटी डुगडुगायला लागली. दुसरा तुकडा लावला, तोही वाया गेला. रिफअतनं मशीनच्या डोक्यावर, जिथे कटर धरणारा स्पिंडल फिरतो तिथे हात ठेवला आणि झटकन उचलला.

"तापलाय. तापला की लांबतो, लांबला की खोल कापतो."

"किती तापलाय? अंडं तळू?"

"ताई, थट्टा पुरे. चहा टाक."

मग त्याची जहाजावरची पद्धत सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि हात ठेवून मोजायचं. दहापर्यंत हात टिकला तर ठीक, पाचला उचलावा लागला तर दुखणं आहे. पहिल्या दिवशी काही न कापता नुसतं फिरवलं. चारलाच हात उचलला, म्हणजे कापण्याचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा काढून एकटी मोटर चालवली. ती गार. मग स्पिंडल हातानं फिरवून पाहिला, तर मधात चमचा फिरावा तसा जड. खोलला. आत बेअरिंग ग्रीसनं गच्च बुजलेलं, पाहुण्याच्या ताटासारखं.

"मी वाटाण्याएवढं घातलं होतं," रिफअत म्हणाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू हात लावलास?"

"मी? तुझ्या त्या काळ्या चिखलाला? माझे हात मासे साफ करायला आहेत."

बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं एक छोटं तोंड त्यानंच मशीनला भोक पाडून बसवलं होतं. आमच्या हवेत मीठ असतं, उघडं लोखंड आठवड्यात गंजतं, म्हणून या गावात जो तो दिसेल त्या फटीत ग्रीस कोंबतो. पण एवढं छोटं बेअरिंग वेगानं फिरतं, त्यात ग्रीस जास्त झालं की ते नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. हे मला रिफअतनं तीनदा सांगितलं, म्हणजे स्वतःलाच सांगितलं.

त्यानं सगळं धुतलं, वाटाण्याएवढं ग्रीस घातलं, नट हातानंच बसवला. मग स्पिंडल रुळवायला बसला. वीस मिनिटं हळू फिरवायचा, थांबवायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा थोडा जास्त वेग. अख्खा दिवस. शहाताही येऊन बसला. मी पुदिन्याचा चहा नेला आणि तिथेच चटईवर पडले. मशीनची गुणगुण, कबुतरांचं घुमणं, फटीतून जाणारं लाल जहाज. एकदा वाटलं, आमची गच्ची सुटून पाण्यावर निघाली आहे, हे दोघे खाली इंजिन सांभाळताहेत आणि मी उगाच प्रवासी आहे. डोळे उघडले तेव्हा शहाता मशीनला कान लावून हसत होता.

"झोपलंय बघा, उस्ता. पोटभर जेवलेल्या पोरीसारखं."

स्पिंडल दहापर्यंत गार राहिला. तीन दिवसांनी पुन्हा चारला आला. रिफअतनं खोललं, तर आत पुन्हा गच्च ग्रीस. त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, "माझंच डोकं गेलंय, ताई. मी भरतो आणि विसरतो." मी घाबरले. आमचे वडील शेवटी शेवटी मलाच आई म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी चादरी घेऊन मी लवकर वर गेले. उजाडत होतं. कबुतरं दाणे टिपत होती आणि शहाता मशीनपाशी उभा होता. ग्रीसचा पंप काखेत धरून, वाकड्या बोटांना न विचारता, दोन्ही तळव्यांनी त्याचा दांडा दाबत होता. एकदा, दोनदा. मग खिशातल्या फडक्यानं ग्रीसचं तोंड पुसलं आणि मशीनला म्हणाला, "चल, आता उस्ता येईल. लाज राख हो माझी."

मी जिन्यातच मागे सरले. जहाजावर उस्ता इंजिनखोलीत उतरायच्या आत बेअरिंगला ग्रीस मिळालं पाहिजे, हे तेलवाल्याचं काम. त्याच्यासाठी कोणी खुंट्या करतंय आणि तो फुकट बसलाय, हे त्याला सोसलं नसणार. मला त्याचा राग यायला हवा होता. रडूच आलं.

रिफअतला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला. डोकं शाबूत आहे हे कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"सांगून टाक त्याला," मी म्हटलं.

"सांगितलं तर तो दुसऱ्या दिवसापासून वर यायचा नाही. कबुतरंसुद्धा नेईल."

"मग तो पंप लपव."

"तेलवाल्याचा पंप? ताई, काय बोलतेस?"

त्यानं स्पिंडल पुन्हा धुतला. बेअरिंगकडे जाणारं आतलं भोक बुजवून टाकलं, तोंड होतं तिथेच ठेवलं आणि त्याच्या मागून एक बारीक नळी मशीनच्या पोकळ खांबातून खाली काढली. खाली टेबलामागे ग्रीस झेलायला ट्यूना माशाचा रिकामा डबा. त्यानं त्या महिन्यात केलेलं सर्वांत नाजूक काम ते. डबा रिकामा करायचं माझ्या गळ्यात पडलं. "त्याला कळता कामा नये," रिफअत म्हणाला, आणि मला आमच्या आईची शपथ घातली.

स्पिंडल पुन्हा तापला नाही. चौथी खुंटी झाली, पाचवी झाली.

त्या गुरुवारी मीही बैठकीला गेले. शहाता मध्ये बसला. त्यानं तळव्याच्या कडेनं पहिली मूठ ढकलली, तार कण्हली, मग हळूहळू वर चढत गेली, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबली. मग दुसरी, तिसरी. पाचवी लागली तेव्हा मागून कुणीतरी "अल्लाह!" म्हणालं आणि रिफअत एकदम आपले बूट शोधायला लागला. बूट त्याच्या पायातच होते.

गाणी संपल्यावर शहाता माझ्याजवळ आला.

"ताई, तो डबा बघा हं. भरत आला असेल."

"कुठला डबा?" मी म्हटलं.

"भरलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस ढकललं की ते हाताला परत ढकलतं," तो म्हणाला. "बोटं गेली माझी, तळवे आहेत ना. हे परत ढकलतच नाही, कुठेतरी मोकळं पडतंय. पहिल्याच दिवशी कळलं. मग मागच्या वेळचं तापणं कुणामुळे, तेही कळलं."

"तरी रोज पंप मारतोस?"

"उस्तानं माझ्यासाठी नळी बसवली, ताई. मी बंद केलं तर त्याला समजेल ना, मला समजलंय ते." मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तुम्ही सांगू नका त्याला. तुम्हाला तुमच्या आईची शपथ."

एकाच आईच्या दोन शपथा. खुंट्या होऊन वर्ष झालं. रिफअत सध्या काहीच कापत नाही, मशीनवर झाकण असतं. शहाता सकाळी झाकण काढतो, दोनदा पंप दाबतो, ग्रीसचं तोंड पुसतो, झाकण घालतो. रिफअत खाली जागा असतो, पण शहाताचं उरकेपर्यंत जिना चढत नाही. बुधवारी मी डबा रिकामा करून जागेवर ठेवते.