आधी ताट, मग बाटली

वीस वर्षं, आधी दादरला आणि मग महाप्याच्या परमिट रूममध्ये, नंदकिशोरनं लोकांनी मागितलं ते मुकाट आणून दिलं होतं. स्वतःच्या डोक्यानं काही निवडायची वेळ वेटरवर येते कशाला! म्हणून निफाडच्या साडूनं बनवलेल्या वाइनचं खोकं मालकीणबाईंच्या, म्हणजे मालतीबाईंच्या गळी उतरवलं, तेव्हा स्वारी नवरदेवासारखी मिरवत होती. साडूकडे जेवताना त्यानं ती चाखली होती. हलकी, कच्च्या पेरूच्या वासाची, आणि दोन क्वार्टरच्या भावात अख्खी बाटली!

“शनिवारपर्यंत खपली तर ठेवू,” मालतीबाई म्हणाल्या. “नाहीतर खोकं परत. मग पुन्हा मला शहाणपण शिकवायचं नाही.”

नंदकिशोरनं सेवेत काही कमी ठेवलं नाही. ग्लासभर बर्फ, वर सोडा, शेजारी मसाला चणे. रोजचं गिऱ्हाईक असलेल्या कुलदीप इंजिनिअरनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“नंदूभाऊ, व्हिनेगर आणलं काय? आपली व्हिस्की द्या ना, उगाच टेन्शन नको.”

पलीकडच्या टेबलानं तर ग्लासला हातही लावला नाही. शुक्रवार उजाडला तरी एकच बाटली उघडली गेली होती, आणि तीही अर्धी फ्रिजमध्ये पडून.

दुपारी तो स्वयंपाकघरात येऊन बसला. फार वाईट वाटत होतं त्याला. आयुष्यात एकदाच काहीतरी निवडलं, आणि तेही आंबट निघालं. तिथं स्वयंपाक करणाऱ्या करावे गावच्या रंगूबाईंनी त्याच्यापुढे कोलंबीचं कालवण आणि भात ठेवला.

“आदी जेव. तोंड बग कसा झालाय तुजा.”

पहिल्याच घासाला कानातून धूर निघाला. जवळपास कुठे पाणी दिसेना. त्यानं फ्रिज उघडून हाताला लागली ती अर्धी बाटली ग्लासात ओतली. बर्फ नाही, सोडा नाही. एक घोट घेतला, आणि थांबला. मग घास, मग पुन्हा घोट.

ही तर निफाडचीच चव!

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. साडूकडे त्यानं ती पिठलं-भाकरीबरोबर प्यायली होती. इथे माणूस आधी पितो, पिणं संपलं की जेवतो. ग्लास आणि ताटाची गाठच पडत नाही. वाइन बिचारी चांगलीच होती, हा गाढव तिला सोड्यात बुडवत होता. नंदकिशोर एकटाच हसत सुटला.

शनिवारी कुलदीप बायकोला, मोनालीला घेऊन आला आणि व्हिस्की मागितली. वीस वर्षांत पहिल्यांदाच नंदकिशोरनं मागितलेलं आणलं नाही. कोलंबीची ताटं मांडली आणि शेजारी नुसती गार वाइन ठेवली.

“ताट आत्ताच? अजून बसलो पण नाय!”

“साहेब, घास घ्या, मग घोट. नाही आवडलं तर व्हिस्की आणतो.”

आधी मोनालीनं घास घेतला, मग घोट. तिनं दुसरा घोट घेतल्यावर कुलदीपनंही ग्लास उचलला. खांबाआड नंदकिशोरचा जीव टांगणीला.

“ही तीच?” कुलदीपनं हाक मारून विचारलं.

“तीच.”

“मग आणा ना अजून एक!”

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. बंद व्हायच्या आत खोकं रिकामं झालं, आणि मालतीबाईंनी स्वतः साडूचा फोन नंबर मागून घेतला.

सोमवारी कुलदीप ऑफिसची चार माणसं घेऊन आला. नंदकिशोरनं सवयीनं विचारलं, “काय आणू, साहेब?”

कुलदीपनं मेनूकार्ड उघडलंच नाही.

“तुमीच ठरवा, नंदूभाऊ.”

 डोळे पुसत नंदकिशोर आत गेला आणि रंगूबाईंना विचारू लागला, आज मासळी कुठली आली आहे.