पुण्यवान शेंगदाणे

तेलघाण्यामागच्या खोलीत एवढी माणसं कोंबली होती, की एकानं उसासा टाकला तर दुसऱ्याची टोपी उडावी. दिवे मालवले. तेलोबानं परातीवर जांभळा दिवा धरला आणि मूठभर शेंगदाण्यांतले चारदोन निळसर-हिरवे चमकले.

"ज्या दाण्यात पुण्य, तोच उजळतो," तेलोबा म्हणाला. "हा उजेड पोटात गेला, की रोगाला बसायला अंधार उरतो कुठं?"

गर्दीनं हात जोडले. मास्तरीणबाईंनी मात्र हातातली पिशवी आणखी घट्ट धरली. त्यांचा दादा पुढच्याच रांगेत बसला होता, डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळा. त्याची कावीळ खरं तर उतरत आली होती. डॉक्टरांनी नुसती विश्रांती सांगितली होती. पण वहिनी रोज सकाळी या पुण्यवान दाण्यांचं तेल त्याला चमचाभर पाजू लागली आणि उतरलेली कावीळ पुन्हा चढली. तेलोबाच्या मते रोग जाता जाता मागं वळून बघत होता.

बाई शाळेत विज्ञान शिकवत. दादाच्या बाटलीतलं तेल त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतलं होतं. पिशवीत होता घाण्यावरच्या निवडीतला कचरा: ओल लागून बुरसटलेले, सुरकुतलेले, फेकायचे दाणे. त्यांनी ते सरळ परातीत ओतले. परातीत जणू काजव्यांची वरातच उतरली.

मग बाईंनी सांगून टाकलं. हा माणूस इथलाच कचरा उचलतो. त्यावरच्या बुरशीचं विष अशा दिव्याखाली चमकतं. घाण्यातून ते तेलात उतरतं, उकळून जात नाही आणि आधी यकृत खातं. दादाच्या बाटलीत तेच सापडलंय.

तेलोबाचा चेहरा हलला नाही. कृपा आता कचऱ्यापर्यंत पोहोचली, म्हणाला. लोकांनी परातीलाच नमस्कार घातला; मागच्यांनी तर दाणे खिशात कोंबले.

वहिनीला राहवलं नाही. तेलोबाचा स्वयंपाक तीच करायची. "वन्सं, उगाच पाप नका घेऊ. ते यातला थेंबसुद्धा स्वतःला ठेवत नाहीत. त्यांच्या भाजीला मी दुकानातलं, सीलबंद डब्यातलं तेल घालते. त्यांनी तशी ताकीदच दिलीय."

"केवढा त्याग," कुणीतरी म्हणालं.

दादानं सावकाश मान वळवली. "ताकीद का गं दिली?"

वहिनी तेलोबाकडे वळली. तेलोबाला नेमकी तेव्हाच समाधी लागली. ती उतरली तेव्हा तो दुसऱ्या गावात होता, दिव्यासकट.

दादा वाचला नाही. थोडं आधी थांबवलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. वहिनीनं अर्धी उरलेली बाटली टाकली नाही. कुणी तेल मागायला आलं, आणि अजून येतात, की ती बाटली पुढं ठेवून सांगते, "हे मी माझ्या हातानं पाजलं." येणारे हळहळतात. उंबऱ्यापर्यंत जातात आणि तिथून विचारतात, तेलोबा हल्ली कुठं बसतो.

म्हणून आपलं सांगणं साधं आहे. बुरसटलेला, कडू लागणारा दाणा फेकून द्या. घाण्यात घालू नका, गुरांपुढंही टाकू नका. आणि कुणी काही उजळून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, की तो स्वतःच्या भाजीत कुठलं तेल घालतो.