नानांच्या दुकानाचा पत्ता

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हता. तो वेबसाइट बनवायचा. पण कुणी साधा प्रश्न विचारला तरी समजावून सांगत बसायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याच्या वडिलांचं, नानांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानाची साइट हे मास्तरचं लाडकं काम. नाव, पत्ता, फोन अशा सहसा न बदलणाऱ्या गोष्टी त्याने पानोपानी न लिहिता एकाच फाइलीत स्थिरांक म्हणून मांडल्या होत्या. सर्व्हरने ती फाइल एकदा वाचायची, मजकूर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या हाताशी असलेल्या तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवायचा आणि पुन्हा फाइलीकडे ढुंकूनही बघायचं नाही, अशी चोख व्यवस्था. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडायचं. मूठभर माणसं बघतात त्या साइटला एवढी घाई कशाला, असं बायकोने विचारलं, तर तिचीही शिकवणी झाली.

मग दुकानाची इमारत पाडायला निघाली. नाना दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि जुना फोनही बंद झाला. मास्तरने नवा पत्ता, नवा नंबर घालून फाइल सर्व्हरवर चढवली, स्वतःच्या लॅपटॉपवर पान बघितलं आणि तो मोकळा झाला. लॅपटॉपवर बदल लगेच दिसायचे, कारण तिथली कॅश त्याने बंद ठेवली होती. सर्व्हरला मात्र जुनं टाकून फाइल पुन्हा वाच असं सांगावं लागतं. ते सांगायचं हा शहाणा साफ विसरला.

नव्या जागेत नाना नुसते बसून राहू लागले. जुनी गिऱ्हाइकं थकली होती, नवी यायची ती साइट बघूनच, आणि आता तीही येईनात. साइटवर पत्ता नीट पडलाय ना, असं नानांनी एकदा चाचरत विचारलं. मास्तरला ते झोंबलं. त्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

"हा बघा. चूक इथे नाहीये, नाना. आता मशीन दुरुस्त कोण करतं? लोक सरळ नवीन घेतात. तुमचं काम संपलंय."

नानांनी वाद घालायला हवा होता. पण लेकाच्या हुशारीवर त्यांचा भारी विश्वास. त्यांनी हत्यारं, सुटे भाग, सगळं विकून टाकलं. घरात काही विचारलं की, मला काय कळतंय, म्हणून गप्प बसू लागले.

नव्या दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायला बापलेक गेले, त्याच दिवशी सकाळी सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीने तो देखभालीसाठी बंद करून पुन्हा चालू केला होता; त्यासरशी कॅशमधलं जुनं पुसलं गेलं आणि नवी फाइल वाचली गेली. मास्तरच्या ते गावीही नव्हतं. तेवढ्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई मशीन कमरेवर घेऊन धापा टाकत दारात आल्या. एवढं धूड घेऊन त्या आधी जुन्या जागी जाऊन आल्या होत्या. तिथे पत्रे ठोकलेले, फोन लागेना, आणि त्यांच्यासारखेच आणखी काही जण तिथे घुटमळत होते.

"कालपर्यंत साइटवर तोच पत्ता होता," त्या म्हणाल्या. "आज बघते तर हा."

सर्व्हरला सांगायचं राहिलं होतं, ते मास्तरला आत्ता आठवलं. नानांना कॅशमधलं ओ की ठो कळत नव्हतं; तो गप्प राहिला असता तरी खपून गेलं असतं. पण त्याला ते जमेना.

"नाना, चूक माझीच होती. लोकांना जुनाच पत्ता दिसत होता. तुमचं काम संपलं नव्हतं."

आता बोलणी खायची, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. नानांचा चेहरा मात्र उजळला होता.

"म्हणजे लोक येत होते?"

"येत होते, नाना."

"एवढं जड मशीन उचलून?"

मास्तरने मान डोलावली. अशा आनंदापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

नानांनी बाईंच्या हातून मशीन घेतलं, टेबलावर ठेवलं, चाक फिरवून पाहिलं. मग स्क्रू ड्रायव्हरसाठी त्यांचा हात सवयीने मागच्या भिंतीकडे गेला. तिथे नुसते खिळे होते.