आसरांचं रक्त

छप्पन सालचा फाल्गुन. चाकणच्या वेशीबाहेरच्या चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाधा उतरवणाऱ्या महाराजांनी तांब्यातलं तीर्थ पुढ्यात बसवलेल्या इंद्रायणीच्या पदरावर शिंपडलं आणि पिवळ्या पदरावर लालभडक ठिपके उमटले.

“रगात! आसरांचं रगात!” बाया किंचाळल्या.

“विहिरीतल्या साती आसरा हिच्या उरावर बसल्यात,” महाराज गरजले. “दिल्लीचं सरकार हलंल, पर ह्या हलायच्या न्हाईत! पाच अमावस्या हितं ठेवा. एक वेळ अन्न, आन् सांजसकाळ निंबाचा फोक!”

इंद्रायणीला बाळंत होऊन महिना झाला होता. अंगावर अजून बाळंतिणीची हळद, पदरही त्या हळदीनेच माखलेला. पोर रडलं तरी ती वळून बघत नसे. जेवण नाही, झोप नाही. “मी नसलेलीच बरी,” एवढंच म्हणे. नवरा दादू पिंपरीच्या नव्या कारखान्यात दिवसभर औषधाच्या बाटल्या भरायचा. बायकोला मात्र चिंचेखाली धाडायला तोही तयार.

सासू गवराबाई तिला घेऊन आली ती भीतीपोटी. चार वर्षांपूर्वी तिची लेक शालन अशीच बाळंतपणानंतर गप्प झाली होती. तिलाही याच महाराजांनी इथेच झोडपलं. सातव्या दिवशी ती विहिरीत सापडली. “आसरांनी नेली,” महाराज म्हणाले आणि गवराबाईने मान डोलावली.

महाराजांनी फोक उचलला. इंद्रायणीने अंगसुद्धा चोरलं नाही. गवराबाईला ते बघवेना. तिने सुनेच्या पदरावरचा ओला डाग अंगठ्याने पुसला. सकाळी कांद्याची पात कापताना विळा लागला होता, तो अंगठा चरचरला. सवयीने तिने तो तोंडात घातला आणि थबकली.

चुना! तीस वर्षं तंबाखू मळणाऱ्या बाईला चुना कळणार नाही? हळदीच्या कापडाला चुना नाहीतर सोडा लागला की ते लाल होतं, हे तर ती दर बाळंतपणात ओढ्यावर बघत आली होती. पण ओढ्यावर तो डाग, आणि चिंचेखाली रक्त!

तिने पूजेच्या ताटातली हळद मूठभर उचलली, महाराजांच्या पांढऱ्या धोतराला फासली आणि त्यावर तीर्थाचा तांब्या उपडा केला. धोतर लालेलाल झालं.

“अगं बया, म्हाराजालाच धरलं की!” गर्दीतली ठकुबाई मागून ओरडली. “झोडा रं त्याला निंबानं!”

हशा पिकला. “माउली, कोप हुईल!” महाराज पुटपुटले.

“कोप झाला की, चार वर्सांमागं,” गवराबाई म्हणाली. ती हसली नाही. सुनेचा हात धरून थेट दवाखान्यात गेली.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “पोटात बाळ असतं तेव्हा बाईच्या रक्तात काही रस भरपूर असतात. बाळंत झाली की ते दोन-चार दिवसांत एकदम उतरतात. मेंदूला ते जाणवतं. बहुतेकींचं मन सावरतं, काहींचं बुडतं. नेमकं कसं, ते अजून शोधतायत. मलाही सगळं ठाऊक नाही. पण हा आजार आहे, बाधा नव्हे. हिला झोप, अन्न, औषध हवं. घटकाभरही एकटी सोडू नका. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो.”

“बरी हुईल का ह्यातनं?”

“बहुतेक जणी होतात.”

गवराबाईने सुनेचा पदर सारखा केला. “मंग माजी शालन...”

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तिच्या हातात ठेवली.

इंद्रायणी सावरायला दिवाळी आली. तेव्हापासून कुणाची बाळंतीण गप्प झाल्याचं कानावर आलं की गवराबाई न बोलावता त्या घरी जाते आणि उंबऱ्यातच सांगते, “माजी लेक आसरांनी न्हाई नेली. ती आजारी व्हती. फोक पडत व्हता तवा तिचं हात मीच धरलं व्हतं. ताप आला तर दवाखान्यात नेता न्हवं? मंग मन आजारी पडलं तरी तितंच न्या. आदी तिला जेवू घाला, आन् आजच न्या.”