साडेचारचं ऊन

घर दाखवायची वेळ मीच ठरवली होती, भर दुपारी बाराची. बाराला खिडकीतून तळं पांढरंफटक दिसतं, शेवाळाचा वास वर येतो आणि तीन मजले चढून आलेला माणूस आधी पाणीच मागतो. तीन गिऱ्हाइकं अशी पाणी पिऊन गेली.

"वहिनी, तुला घर विकायचंय की पाणपोई चालवायचीय?" नणंदेनं विचारलं. ती माझ्याजवळच राहते. जीभ धारदार, गुडघे माझ्यासारखेच कामातून गेलेले. त्या गुडघ्यांपायीच माझ्या मुलानं हट्ट धरला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या लिफ्टवाल्या घरी दोघींनी राहायला यायचं. मी हो म्हटलं होतं, पण पाय निघत नव्हता.

एकावन्न वर्षं त्या खिडकीशी बसून मी लोकांचे कपडे शिवले. सकाळी धुक्यात होडी दिसायची नाही, नुसता वल्ह्यांचा आवाज जवळ येऊन लांब जायचा. काठावरच्या कुंपणावर न्हाव्याचे टॉवेल वाळत असायचे. संध्याकाळी सगळी वस्ती काही काम नसताना पाण्यापाशी यायची. भांडलेली नवरा-बायकोसुद्धा एकाच बाकावर बसायची, तोंडं तळ्याकडे करून. आणि साडेचारला ऊन पाण्यावरून उलटं वर येऊन आमच्या छतावर हलायला लागायचं. लग्न होऊन आले त्या दिवशी मी माहेरच्या आठवणीनं रडत होते. हे एवढंच म्हणाले, "थांब जरा. साडेचार वाजू देत."

चौथं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतली एक शिक्षिका, दिवस भरत आलेली. न सांगताच चारनंतर आली.

"बाराला कसं जमणार आजी? वर्गावर असते मी."

भिंतींना ओल येते का, नळाला पाणी किती वेळ असतं, ती एकेक विचारत होती. विचारता विचारता थांबली. छतावर ऊन आलं होतं. ती भिंतीला धरून हळूच जमिनीवर टेकली आणि मान मागे टाकून बघत राहिली.

"हे रोज येतं?"

"ढग नसले तर."

"मग तुम्ही जाताय कशा?"

"ते त्या जिन्याला विचार," नणंद म्हणाली.

मी त्या पोरीकडे बघत होते. तिचा हात पोटावर होता आणि ती आतल्या जीवाला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. तेव्हा मला माझंच कळलं. घर जाईल याची मला भीती नव्हती. वर न बघणाऱ्याच्या हाती ते पडेल, याची होती.

ती गेल्यावर मुलाला फोन केला. "घर दिलं रे," म्हटलं.

आता त्याच्या स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत मी दुपारी पाणी भरून परात ठेवते. पहिले काही दिवस सून ती ओतून, पुसून जागेवर ठेवायची. हल्ली चहाचा कप घेऊन आमच्या शेजारी बसते. साडेचारला छतावर ताटाएवढं ऊन थरथरतं.

"लाटा कमी पडतात," असं म्हणून नणंद परातीत बोट बुडवते.